टपाली मतांत गडबड करता येते का? तुम्ही विचारलंत म्हणून

निकाल लागला की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. स्टाफरूममध्ये, एसटीत, पालकसभेत, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर अमेरिकेतल्या मावसभावाकडून. "ताई, तुम्ही मोजणीच्या टेबलावर असता. खरं सांगा, टपाली मतांत गडबड करता येते का?" मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि निवडणुकीची ड्युटी आम्हा शिक्षकांना कधी चुकलेली नाही. टपाली मतं, म्हणजे मशीनऐवजी कागदी मतपत्रिकेवर देऊन बंद लिफाफ्यात येणारी मतं, मोजायचं टेबल आणि वयोवृद्ध मतदारांचं त्यांच्या घरी जाऊन घेतलेलं गृहमतदान, दोन्ही कामं मी केली आहेत. उत्तर आजवर तुकड्या-तुकड्यांनी देत आले, आज सविस्तर देते.

मोजणीच्या टेबलावर गडबड करणं फार अवघड आहे. जिथे मतदार मतपत्रिकेवर खूण करतो तिथे मात्र ती करता येते, आणि झाली तर मागे पुरावाही उरत नाही. लोकांचा सगळा संशय लिफाफ्यांच्या पेटीवर असतो. मला काळजी वाटते ती त्याआधीच्या पाच मिनिटांची.

आधी टेबलावर काय होतं ते सांगते. मोजणी सकाळी आठला सुरू होते आणि त्या ठोक्याला दार बंद. आठ वाजून पाच मिनिटांनी आलेला लिफाफा उघडला जात नाही, मग तो सीमेवरच्या जवानाचा असला तरी. आलेला प्रत्येक मोठा लिफाफा, म्हणजे नमुना १३ क, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर फोडायचा. आत दोन गोष्टी असायला हव्यात: नमुना १३ अ मधलं घोषणापत्र आणि १३ ब हा छोटा बंद लिफाफा, ज्यात मतपत्रिका असते. घोषणापत्रावर मतदाराची सही हवी, साक्षांकन (म्हणजे ती सही त्याचीच आहे असं अधिकाऱ्याने सही करून सांगणं) हवं, आणि त्यावरचा मतपत्रिकेचा क्रमांक छोट्या लिफाफ्यावरच्या क्रमांकाशी जुळायला हवा. यातलं एक जरी चुकलं तरी छोटा लिफाफा न फोडताच मत बाद. सगळी घोषणापत्रं तपासून झाली की ती वेगळ्या पाकिटात घालून सीलबंद करतात आणि त्यानंतरच पहिला छोटा लिफाफा उघडतात. म्हणजे कुणाचं मत हे सांगणारा कागद आधी बंद होतो, मग मत दिसतं. ज्याने हा क्रम ठरवला त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. टेबलाभोवती पाच-सहा पक्षांची माणसं जाळीपलीकडून टक लावून बसलेली असतात. तिथे एखादा कागद इकडचा तिकडे करणं कुणाच्या बापाला जमायचं नाही.

पण या काटेकोरपणाची किंमत कोण देतं? प्रामाणिक मतदार. घोषणापत्र चुकून मतपत्रिकेबरोबर छोट्या लिफाफ्यात गेलं, मत बाद. सही केली पण साक्षांकन राहिलं, बाद. आणि सगळ्यात जास्त जिवाला लागतं ते हे की सरकारी माणसाला कागद दिसला की सही करायची सवय असते. तो मतपत्रिकेवरच खाली झोकदार सही ठोकतो. मतदाराची ओळख पटेल अशी खूण झाली, म्हणून ते मतही बाद. ज्यांना आपण मतदान प्रक्रियेचं प्रशिक्षण देतो त्यांचीच मतं अशी बाजूला पडताना पाहिली की वाईट वाटतं.

आणि ही मतं किरकोळ नसतात. ४ जून २०२४ला मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघात काय झालं ते आठवून पाहा. ईव्हीएमवर ठाकरे गटाचे अमोल कीर्तिकर शिंदे गटाच्या रवींद्र वायकरांपेक्षा एका मताने पुढे होते. एका! टपाली मतं वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ मिळाली आणि वायकर ४८ मतांनी निवडून आले. बाद झालेली टपाली मतं १११ होती. विजयाचं अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी असलं की बाद मतपत्रिका पुन्हा तपासायच्या असा आयोगाचा नियम आहे, त्याप्रमाणे त्या तपासल्या गेल्या. पुढे कीर्तिकरांची याचिका उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली. बिहारमध्ये २०२०ला हिलसा विधानसभा मतदारसंघाचा निकाल १२ मतांनी लागला आणि तिथे १८२ टपाली मतं बाद होती. या दोन्ही ठिकाणी कुणी चोरी केली असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते की ज्याचं मत एका राहिलेल्या सहीसाठी बाजूला पडलं, त्याला 'प्रक्रिया सुरक्षित होती' हे सांगून समाधान कसं होणार?

हल्ली एक वेगळा प्रश्नही येतो. टपाली मतांत एक पक्ष पुढे आणि मशीनवर दुसरा, म्हणजे मशीनमध्येच घोळ ना? मला हे पटत नाही. टपाली मतं टाकतं कोण? बहुतांशी आम्ही कर्मचारी, पोलीस, जवान, ८५ वर्षांवरचे आणि दिव्यांग. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला होता. तो राग ज्यांच्या घरात आहे त्यांची मतं एका बाजूला झुकली, तर त्यावरून गावातल्या शेतकऱ्याने काय केलं असेल ते ठरवता येत नाही. हा मुद्दा इथेच सोडते.

आता त्या पाच मिनिटांकडे येते.

पूर्वी ड्युटीवरच्या कर्मचाऱ्याला मतपत्रिका हातात मिळायची. ती घरी न्यायची, सवडीने भरायची आणि मोजणीच्या आत पाठवायची. म्हणजे कित्येक दिवस एक कोरी मतपत्रिका घरात पडून. त्या दिवसांत गावचा पुढारी घरी चहाला येऊ शकतो, संघटनेचा पदाधिकारी "सगळ्यांची एकत्र देऊ, आणा इकडे" म्हणू शकतो, नवरा बायकोची भरू शकतो. घरात कुणाला कसं नाही म्हणायचं? निवडणूक आयोगालाही हे जाणवलं होतं. मतपत्रिका जास्त दिवस हातात राहिली की दबाव, लाच, धमकी यांना वाव मिळतो, या कारणासाठी आयोगाने बदल मागितला आणि २०२३ मध्ये नियम बदलला. आता ड्युटीवरच्या मतदाराने त्याच्यासाठी उभारलेल्या सुविधा केंद्रातच मतपत्रिका घ्यायची, तिथल्याच मतदान कक्षात खूण करायची आणि तिथल्याच पेटीत टाकायची. साक्षांकन करणारा अधिकारीही तिथेच बसलेला. माझ्या मते गेल्या काही वर्षांतली निवडणुकीतली ही सगळ्यात शहाणी दुरुस्ती आहे. एका घावात दोन्ही प्रश्न सुटले. मत गुप्त राहिलं आणि साक्षांकन राहून मत बाद होणंही टळलं.

गृहमतदानात मात्र घर टाळता येत नाही. तिथे पुठ्ठ्याचा आडोसा घेऊन आम्हीच घरी जातो: दोन मतदान अधिकारी, पोलीस, व्हिडिओ काढणारा, आणि हवं तर उमेदवारांचे प्रतिनिधी. एका वाड्यात नव्वदीच्या आजी बाजेवर होत्या. डोळ्यांना अंधुक दिसत होतं. थोरला मुलगा आधीच पुढे येऊन बसला, "आईला दिसत नाही, मी दाखवतो कुठे करायचं ते." दिसत नसेल तर मदतनीस घेता येतो, पण तो मतदाराने निवडायचा असतो. मी आजींच्या कानाशी जाऊन विचारलं, "आजी, कुणाला बोलवू जवळ?" त्यांनी जरा वेळ घेतला आणि कॉलेजात जाणाऱ्या नातीचं नाव घेतलं. मुलाचा चेहरा उतरला, पण तो उठला. आडोशामागे दोघींचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही. प्रश्न विचारणारं सरकारी माणूस त्या घरात हजर होतं, म्हणून ते मत आजींचं राहिलं. तीच मतपत्रिका टपालाने घरी आली असती तर?

अमेरिकेत ती तशीच येते. माझा मावसभाऊ ओरेगॉन राज्यात बीव्हरटनला राहतो, तिथला नागरिक आहे. तिथे २००० सालापासून अध्यक्षपदाची निवडणूकही संपूर्णपणे टपालाने होते. तो जेवणाच्या टेबलावर बसून मत भरतो, लिफाफ्यावर सही करतो, आणि ती सही नोंदीतल्या सहीशी ताडून पाहतात. जुळली नाही तर दुरुस्तीसाठी मुदत मिळते, ही गोष्ट आपण त्यांच्याकडून घ्यायलाच हवी. लिफाफ्यावरचा टपालाचा शिक्का मतदानाच्या दिवसापर्यंतचा असेल तर ओरेगॉनमध्ये सात दिवसांनी आलेलं मतही धरतात. त्यावरून तिकडे वाद पेटलाय. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी आदेश काढला त्यातही मतदानाच्या दिवसापर्यंत पोहोचलेलीच मतं मोजावीत असा आग्रह होता. भाऊ मला म्हणतो, "आमच्याकडे सर्रास घोटाळा होतो हे खोटं आहे." मला त्याचं पटतं. पण झालेला घोटाळा कुठे झाला ते पाहा. नॉर्थ कॅरोलायनाच्या नवव्या मतदारसंघात २०१८ साली एका उमेदवाराच्या प्रचाराच्या कंत्राटदाराची माणसं घरोघर जाऊन टपाली मतपत्रिका गोळा करत फिरली. निकालातलं अंतर ९०५ मतांचं. राज्याच्या निवडणूक मंडळाने तो निकाल मान्य केला नाही आणि फेरनिवडणूक घ्यावी लागली. मोजणी चोख होती. हात लागला तो मतदाराच्या उंबऱ्यावर. फ्रान्सने तर घोटाळ्यांना कंटाळून १९७५ सालीच टपाली मतदान बंद केलं.

मग आपणही बंद करावं का? नाही. उलट मला ते वाढायला हवं आहे, आणि ते कुणासाठी हे मला रोज वर्गात दिसतं.

दिवाळी झाली की माझ्या वर्गातले बाक रिकामे होऊ लागतात. मुलं आई-वडिलांबरोबर ऊसतोडीसाठी साखर कारखान्याला जातात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. २०२४चा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून ठरला होता आणि विधानसभेचं मतदान होतं २० नोव्हेंबरला. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ते देणाऱ्या मुकादमाने मजुरांची टोळी नेलेली असते. मत द्यायला परत यायचं तर दोन दिवसांची मजुरी बुडते आणि भाडं वेगळं. मग उमेदवार गाड्या पाठवतो, आणि ज्याची गाडी त्याचं मत हे कुणी तोंडाने सांगावं लागत नाही. मी सरकारी कामावर आहे म्हणून माझ्यासाठी सुविधा केंद्र असतं. माझ्या वर्गातल्या मीराच्या आईसाठी, मुलीचं नाव मी बदललंय, काहीच नसतं. टपाली मतदानाच्या न्यायाबद्दल बोलायचं तर मला हा अन्याय सगळ्यात मोठा वाटतो.

पण तिच्या खोपीवर टपालाने मतपत्रिका पाठवा असं मी कधीच म्हणणार नाही. तिथे ती मुकादमाच्या हातात पडेल. उचल फिटलेली नसताना ती त्याला काय सांगणार, की हे माझं मत आहे, तुम्ही बघू नका? ज्यांना टपाली मताची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्यावरच दबाव टाकणं सगळ्यात सोपं आहे. आयोगाने स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्र, म्हणजे बाहेरगावी राहून आपल्या मतदारसंघातलं मत देता येईल असं यंत्र, तयार केलं होतं, एका यंत्रावर ७२ मतदारसंघ. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना ते दाखवायला बोलावलं, तेव्हा विरोधी पक्षांनी हरकत घेतली आणि विषय मागे पडला.

माझं मागणं त्याहून साधं आहे. जे आमच्यासाठी केलं तेच त्यांच्यासाठी करा. कारखान्याच्या आवारात सुविधा केंद्र उभारा. मतदान कक्ष, साक्षांकन करणारा अधिकारी, सीलबंद पेटी आणि सगळ्या उमेदवारांचे प्रतिनिधी. कोण कुठल्या गावचं याचा शोध शून्यापासून घ्यावा लागणार नाही, कारण ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी ग्रामसेवकांनी कामगारांच्या नोंदी घेतलेल्या आहेत. वेळेचं म्हणाल तर २०२४ला उमेदवारी मागे घ्यायची मुदत ४ नोव्हेंबरला संपली, म्हणजे उमेदवारांची यादी पक्की झाली, आणि मोजणी २३ला झाली. एवढ्या दिवसांत मतपत्रिका कोल्हापूर-सांगलीला जाऊन सहज परत येते. एकच पाहावं लागेल. केंद्र संध्याकाळी उघडं ठेवावं लागेल, कारण टोळ्या पहाटेच फडात जातात आणि गाडी भरून मोकळं व्हायला दुपार टळते. त्या केंद्रावर माझी ड्युटी लावा, मी आनंदाने जाईन.