तुम्ही विचारलंत म्हणून: चंद्रपूरचे डायनासोर काय खात होते?

भूगर्भशास्त्र शिकवतो म्हटलं की लोक विचारतात, "महाराष्ट्रात डायनासोर होते का हो?" होते म्हटलं की लगेच, "मग इथं खायचे काय?" मला हा दुसरा प्रश्न जास्त आवडतो.

आधी पहिल्याचं उरकतो. पुण्या-नाशकात हाडं सापडत नाहीत, कारण त्या काळची जमीन तिथे लाव्हाच्या शेकडो मीटर जाड काळ्या दगडाखाली गाडली गेली आहे. चंद्रपूर जिल्ह्यात हा दगड संपत येतो आणि त्याखालचे डायनासोरांच्या काळातले थर, ज्यांना लमेटा थर म्हणतात, उघडे पडतात. तिथल्या डोंगरगावला 1980च्या दशकात एका लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरची हाडं निघाली. त्याच्या दंडाचं हाडच जवळपास दीड मीटर! 1997 साली जैन आणि बंद्योपाध्याय या जीवाश्म अभ्यासकांनी त्याचं वर्णन छापलं. आज तो 'आयसिसॉरस' म्हणून ओळखला जातो, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या 'आयएसआय' या इंग्रजी आद्याक्षरांवरून. (आकडेमोडीच्या संस्थेत डायनासोर कसे, तर संस्थेचे संस्थापक महालनोबिस, त्यांना कशाचंच वावडं नव्हतं.)

पण तो काय खायचा ते हाडं सांगत नाहीत. ते कळतं शेणावरून. वरोऱ्याजवळच्या पिजदुऱ्याला दगड झालेलं शेण ढिगानं मिळतं. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आदी शास्त्रज्ञांनी ते विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. झाडं मुळांतून पाण्याबरोबर सिलिका शोषतात आणि ती पेशींत काचेसारखी साठते. उसाच्या पात्यानं हात चिरतो तो तिच्यामुळेच. झाड कुजलं तरी हे कण उरतात आणि त्यांच्या आकारावरून झाडाचं कूळ ओळखता येतं. शेणात ताडवर्गीय आणि सूचिपर्णी झाडांचे कण होते, त्यात फारसं नवल नाही. पण गवताचेही निघाले, तेही निरनिराळ्या जातींच्या गवतांचे! डायनासोर गेल्यावर गवत आलं, असं तोवर मानलं जायचं. 2005 साली हा निबंध 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आला आणि डायनासोरांच्या चित्रांत गवत रंगवलं की चूक, हा नियम मोडला. 2011 साली तर याच शेणातून भाताच्या कुळातल्या गवताचा पुरावा मांडला गेला. आज त्याच जिल्ह्यात मूल-सिंदेवाहीकडे धानाची बांधी लागते, हा मात्र निव्वळ योगायोग.

म्हणून हे डायनासोर गाईसारखे दिवसभर चरत असत, असं समजू नका. गवत थोडंच होतं, मुख्य खाणं झाडपाल्याचं. चावणंही जवळजवळ नाहीच. खुंटीसारख्या दातांनी पाला ओरबाडायचा, गिळायचा आणि पुढचं काम पोटावर सोडायचं.

ते शेण नेमकं आयसिसॉरसचंच का, असं कोणी विचारलं तर मी हात वर करतो. शेणावर सही नसते. त्याच थरांत टायटॅनोसॉरांची, म्हणजे आयसिसॉरस ज्या लांब मानेच्या गटातला त्या गटाची, हाडं भरपूर आहेत, म्हणून संशय त्यांच्यावर. एवढ्या पुराव्यावर मी तरी त्यांनाच धरीन.