पाठीला लावलेला ओळंबा

नोकरीची सारी वर्षे मी बांधकामावर भिंती ओळंब्यात आहेत की नाहीत हे पाहण्यात घालवली. पार्किन्सन्सचे निदान झाल्यावर काही वर्षांनी माझ्या मुलाने माझाच जुना ओळंबा दाराच्या चौकटीला टांगला, मला त्याच्याशेजारी उभे केले आणि मोबाइलवर एक फोटो समोरून व एक बाजूने काढला. फोटो पाहण्याआधी कोणी विचारले असते, तर मी ताठ उभा आहे असे शपथेवर सांगितले असते. फोटोत मात्र दोरी सरळ खाली गेलेली होती आणि मी कमरेपासून पुढे वाकलेला व बराचसा उजवीकडे कललेला होतो. मान खांद्यांच्या पुढे आली होती, गुडघे थोडे दुमडलेले होते आणि दोन्ही कोपरे अंगाशी चिकटली होती.

पाठ वाकली याचा मला फारसा धक्का बसला नाही, कारण सत्तरीच्या आसपास थोडे पोक अनेकांना येते. धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा: आपण कसे उभे आहोत याची जी खबर शरीर आतून देत असते, तीच खोटी निघाली होती. पार्किन्सन्ससह जगताना उभे राहण्याचे, वळण्याचे आणि तोलाचे जे प्रश्न येतात, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी मला ही बिघडलेली खबर दिसते, आणि म्हणूनच ‘अहो, सरळ बसा’ या घरोघरी ऐकू येणाऱ्या सूचनेचा उपयोग मिनिटभरही टिकत नाही. मी माझ्या समजुतीप्रमाणे सरळच बसलेला असतो.

लंडनमधील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन केले, तेव्हा कंपाबरोबरच धड पुढे झुकणे आणि चालता चालता नकळत धावू लागणे या दोन गोष्टींची त्यांनी नोंद केली होती. त्यांनी वर्णन केलेले रुग्ण होते अवघे सहा, आणि त्यांतील काही तर त्यांनी रस्त्यातच पाहिलेले होते. हे मला पूर्ण पटते. आजही बागेत फिरायला गेलो की हात न हलवता, लहान लहान पावले टाकत, जमिनीकडे पाहत येणारा माणूस दुरूनच ओळखू येतो आणि आम्ही दोघे अनोळखी असूनही थांबून बोलतो.

मेंदूच्या सबस्टँशिया नायग्रा नावाच्या भागातील पेशी कमी होत जातात, त्या बनवत असलेले डोपामिन हे रसायन अपुरे पडते आणि स्नायूंना ताठरपणा येतो, इतके आता बहुतेकांना माहीत असते. शरीराला पुढे वाकवणाऱ्या स्नायूंची ओढ वाढते, पाठ उचलून धरणारे स्नायू दुबळे पडतात आणि त्यात सरळपणाची जाणीव बोथट झालेली असते. अशी अनेक कारणे एकत्र येतात. धड फार वाकले तर डॉक्टर त्याला कॅम्प्टोकॉर्मिया म्हणतात, आणि एका बाजूला दहा अंशांहून अधिक कलले तर पिसाच्या मनोऱ्यावरून पिसा सिंड्रोम. या दोन्हींची एक खूण आमच्या न्यूरॉलॉजिस्टांनी दाखवली, ती कुटुंबीयांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. उभे असताना वाकलेली पाठ पलंगावर उताणे झोपल्यावर बरीचशी सरळ होते. झोपूनही बाक तसाच राहत असेल, तर मणक्याचाच काही दोष आहे का हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. काही औषधांमुळेही कल वाढू शकतो, त्यामुळे तो अचानक वाढला तर ‘वयाचे आहे’ म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना सांगावे.

तोल हा मात्र पोकापेक्षा निराळा आणि अधिक गंभीर विषय आहे. निरोगी माणसाला गर्दीत धक्का लागला, तर विचार करण्याआधीच त्याचे पाऊल मागे पडते आणि तो सावरतो. आमचे ते पाऊल उशिरा पडते, लहान पडते किंवा पडतच नाही. न्यूरॉलॉजिस्ट मागे उभे राहून, आधी सांगून, दोन्ही खांद्यांना धरून झटकन मागे ओढतात, ती याचीच परीक्षा असते. एकदोन पावलांत सावरलो तर ठीक. त्याहून जास्त पावले लागली, किंवा लाकडी ओंडक्यासारखे आपण सरळ मागे त्यांच्या हातांत गेलो, तर तोल बिघडला आहे असे समजतात. होएन आणि यार या डॉक्टरांनी १९६७ साली आजाराच्या ज्या पाच पायऱ्या ठरवल्या, त्यांत तिसरी पायरी तोल जाऊ लागण्यापासूनच धरली जाते. ही परीक्षा घरी कोणीही करून पाहू नये. मागे उभ्या असलेल्या माणसाला आपले सगळे वजन पेलण्याची तयारी ठेवावी लागते आणि ते सरावाचेच काम आहे.

येथे एक कटू बाब आहे. मेंदूत जाऊन डोपामिन बनणाऱ्या लेवोडोपा या औषधाच्या गोळीने माझा ताठरपणा सैल होतो, हात हलका होतो, सदऱ्याची बटणे लावता येतात. तोल मात्र त्या प्रमाणात सुधारत नाही, कारण तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेत डोपामिनखेरीज मेंदूतील इतर रसायने व भागही गुंतलेले असतात. उलट गोळीचा असर चांगला असताना अंगात चपळाई येते, माणूस भरभर उठतो आणि त्या भरात पडतो. गोळी वाढवा म्हणजे पडणे थांबेल, असा आग्रह डॉक्टरांकडे धरणाऱ्या नातेवाइकांनी हे ध्यानात घ्यावे. गोळीचा असर उतरल्यावरच पावले अडत असतील, तर वेळा बदलून फरक पडू शकतो, पण तो निर्णय डॉक्टरांचा.

आतली खबर विश्वासाची राहिली नाही, म्हणजे बाहेरची खूण शोधणे आले. माझ्या फिजिओथेरपिस्ट बाई वयाने मला मुलीसारख्या आहेत. त्या ‘काका, सरळ व्हा’ असे कधीच म्हणत नाहीत. ‘काका, भिंत’ इतकेच म्हणतात. मग मी भिंतीला टाचा, पार्श्वभाग आणि पाठ टेकवून उभा राहतो आणि डोक्याचा मागचा भाग भिंतीला लागतो का ते पाहतो. सुरुवातीला डोके आणि भिंत यांच्यात चांगली चार बोटे अंतर राहत असे. विशेष म्हणजे खरोखर सरळ झालो, की मला आपण मागे पडत आहोत असे वाटते. ही भीती इतकी खरी असते की हात आपोआप काहीतरी पकडायला जातात. रोज भिंतीशी उभे राहून ती भीती कमी करावी लागते, आणि हा व्यायाम पाठीइतकाच मनाचाही असतो. कमरेला पट्टा बांधून मोकळे व्हा, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. पट्ट्याच्या आधारावर स्नायू आणखी आळसावतात आणि बाक तर पट्टा काढताच परत येतो, असे माझ्या फिजिओथेरपिस्टचे मत आहे आणि मी ते मानतो.

पावले अडणे, म्हणजे चालता चालता पाय जमिनीला खिळल्यासारखे होणे, याबाबतीत बाहेरच्या खुणेचा उपयोग सर्वांत स्पष्ट दिसतो. दारात, अरुंद जागेत, लिफ्टमध्ये शिरताना आणि वळताना हे जास्त होते. धड पुढे निघून जाते आणि पाय मागे राहतात, म्हणून पडणे होते. आमच्या जुन्या घरात शहाबादी फरशी होती. तिच्या सांध्यांच्या काळ्या रेघा ओलांडत मी कसा नीट चालत असे, हे नव्या फ्लॅटमधील आरशासारख्या गुळगुळीत टाइल्सवर आल्यावर ध्यानात आले. आता स्वयंपाकघराच्या दारापाशी आम्ही गडद रंगाच्या चिकटपट्ट्या आडव्या लावल्या आहेत. पाय अडला की मी पट्टीकडे पाहतो आणि ती ‘ओलांडतो’. मूळच्या पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांचे काम याच धाग्याचे आहे. त्यांच्या कुटुंबातील पार्किन्सन्सच्या रुग्णाला सपाट जमिनीवर चालणे जड जात होते, पण जिना मात्र ते सहज चढत-उतरत. तेव्हा त्यांनी सपाट जमिनीवर जिन्याचा भास होईल असे चित्र अंथरून पाहिले आणि त्यावरून चालणे सुरळीत झाले. ज्यांना दिसणाऱ्या खुणेपेक्षा ऐकू येणारी खूण लागू पडते, त्यांनी मनात ‘एक-दोन, एक-दोन’ मोजावे किंवा ठरावीक ठेक्यात टिकटिक करणारा मेट्रोनोम लावावा.

वळणे हा सगळ्यात धोक्याचा क्षण, आणि आपल्याकडे तो अनपेक्षित ठिकाणी येतो. गणपतीत आरती संपल्यावर सगळे जण जागच्या जागी स्वतःभोवती प्रदक्षिणा घालतात. दाटीवाटीने उभे राहिलेले लोक, हात जोडलेले, म्हणजे तोल सांभाळायला हात मोकळे नाहीत, काहींचे डोळे मिटलेले, खाली सतरंजीची चुणी आणि त्यात एका टाचेवर गर्रकन फिरणे: पार्किन्सन्सच्या माणसाला पाडण्यासाठी याहून नेमकी योजना कोणाला सुचली नसती. मी आता खुर्चीशेजारी उभा राहतो आणि फिरायचेच झाले तर पायाखाली घड्याळाची तबकडी आहे असे मानून बारावरून तीनवर, तीनवरून सहावर अशी पाऊलपाऊल टाकत, डोळे उघडे ठेवून वळतो. बाकीच्यांचे प्रसादाकडे वळून झालेले असते तेव्हा माझे अर्धे वर्तुळ झालेले असते, पण देवाची काही हरकत दिसली नाही. घरात जागा असेल तेथे टाचेवर वळण्यापेक्षा मोठा वळसा घेऊन फिरणे बरे. फ्रिजचे दार उघडताना मागे सरकण्याऐवजी आधीच बाजूला उभे राहावे, आणि माळ्यावरचे डबे हा विषय आमच्यासाठी कायमचा संपला असे समजावे.

दोन कामे एकाच वेळी न करणे हाही नियम आहे. चहाचा कप घेऊन चालता चालता कोणी काही विचारले आणि मी उत्तर देऊ लागलो, की पावले लहान होतात. पत्नी पूर्वी मागून हाक मारत असे. आता ती समोर येऊन, मी थांबल्यावर बोलते. तिला हा बदल जड गेला, कारण संसारातील निम्मे संभाषण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ओरडूनच होत असते.

उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडणे हे तोल जाण्याहून वेगळे आहे. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर त्यावर वेगळा उपाय करावा लागतो. म्हणून रक्तदाब केवळ बसून न मोजता उभे राहूनही मोजायला सांगावे. रात्री लघवीसाठी उठताना पलंगाच्या कडेला थोडा वेळ बसून मगच उभे राहावे आणि दिवा लावावा.

व्यायामाच्या बाबतीत पुरावा चांगला आहे. अमेरिकेतील ओरेगॉन येथे १९५ रुग्णांवर ताई ची या संथ हालचालींच्या चिनी व्यायामप्रकाराचा अभ्यास झाला आणि तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, चोवीस आठवडे ताई ची करणाऱ्यांचा तोल इतर गटांपेक्षा अधिक सुधारला आणि केवळ अंग ताणण्याचे (स्ट्रेचिंगचे) व्यायाम करणाऱ्यांपेक्षा त्यांचे पडणे कमी झाले. पुण्यात ऋषिकेश पवार पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेत आले आहेत. संगीताचा ठेका आणि समोर हालचाल करून दाखवणारा माणूस, म्हणजे दोन्ही बाहेरच्या खुणा तेथे एकत्र मिळतात. काठी आणि वॉकर मात्र शेजाऱ्याचे पाहून आणू नयेत. चार पायांची काठी घाईत स्वतःच्याच पायात येते, आणि उचलून पुढे ठेवायच्या वॉकरने चालण्याची लय तुटते. फिजिओथेरपिस्टसमोर चालून दाखवून मगच निवड करावी.

एवढे करूनही आम्ही पडतो. पडल्यावर घरातले घाबरून दोन्ही काखांत हात घालून उचलू पाहतात. त्यात माझा खांदा दुखावतो आणि त्यांची कंबर. आमच्याकडे आता ठरलेली पद्धत आहे आणि गादीवर तिचा सरावही केलेला आहे. आधी कोणीही हात लावत नाही आणि कुठे दुखते ते विचारले जाते. पार्श्वभाग किंवा मांडी दुखत असेल, पाय उचलता येत नसेल, किंवा डोक्याला मार लागला असेल, तर हलवायचे नाही, रुग्णवाहिका बोलवायची. तसे नसेल तर मी कुशीवर वळतो, हातगुडघ्यांवर येतो, तोवर कोणीतरी लाकडी खुर्ची आणून माझ्यासमोर घट्ट धरून ठेवते. दोन्ही हात बैठकीवर, एक गुडघा वर, मग जोर. शेवटी दुसरी खुर्ची मागे सरकवली जाते आणि मी बसतो. प्लास्टिकची खुर्ची या कामाला चालत नाही, ती सरकते.