घोट्याशी घट्ट, वर सैल : दाबाचे मोजे निवडताना

माझी नोकरी उभ्याची. सांगलीत कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते. सकाळी तास, दुपारी प्रॅक्टिकल, आणि प्रयोगशाळेत बाईंनी बसायचं म्हटलं तर मुलांची वर्निअरची रीडिंग्ज कोण बघणार? चाळिशी ओलांडली तशा संध्याकाळी पोटऱ्या भरून यायला लागल्या. चपलेचा पट्टा रुतायचा, रात्री पायात गोळे यायचे. डाव्या गुडघ्याच्या आतल्या अंगाला निळी शीर फुगून वर आली, तेव्हा मिरजेला जाऊन डॉक्टरांना दाखवलं.

शिरांचा डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह पाहण्याची तपासणी, रुग्णाला उभं करून करतात, हे तिथे कळलं. तंत्रज्ञ पोटरी दाबून सोडते, की पडद्यावर रक्त वर जाताना दिसतं. शिरेतली झडप नीट मिटत असेल तर ते वरच राहतं, नाहीतर पुन्हा खाली घसरतं. माझं घसरत होतं. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, ऑपरेशनची घाई नाही. आधी गुडघ्यापर्यंतचे कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज वापरा, २०-३० चे." चिठ्ठी लिहिण्याआधी त्यांनी पावलावरची आणि घोट्यामागची नाडी बोटांनी चाचपून पाहिली. पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्या असतील तर वरून आवळलेला मोजा पावलाचा रक्तपुरवठाच तोडू शकतो, म्हणून ही तपासणी आधी. मधुमेह असलेल्यांनी तर ती टाळूच नये.

त्या २०-३० ने मला गुंतवलं, कारण तो माझ्याच विषयातला आकडा निघाला. हा पाऱ्याच्या मिलिमीटरमधला दाब, रक्तदाब मोजतात तोच. माणूस स्तब्ध उभा असला की हृदयापासून घोट्यापर्यंत रक्ताचा सव्वा मीटरच्या आसपास उंचीचा स्तंभ उभा असतो, आणि घोट्यातल्या शिरेवर सुमारे ९० मिलिमीटर दाब येतो. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू पंपासारखे रक्त वर ढकलतात आणि हा दाब निरोगी पायात ३० च्या खाली उतरतो. फळ्यापुढे उभं राहिलं की पंप बंद. मोजा बाहेरून शीर आवळतो, तिचा व्यास कमी होतो आणि झडपेच्या पाकळ्या एकमेकींपर्यंत पोहोचतात. दाब घोट्याशी सर्वांत जास्त आणि वर जाताना कमी कमी होत गेलेला लागतो, नाहीतर रक्त वर जाण्याऐवजी मध्येच अडेल. या प्रकारचा मोजा कॉनराड जॉब्स्ट या जर्मनीत जन्मलेल्या इंजिनिअरने अमेरिकेत १९५० च्या सुमारास तयार केला. त्याच्या स्वतःच्या पायांच्या शिरांचा त्रास पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की हलका व्हायचा. पाणी जितकं खोल तितका त्याचा दाब जास्त, हे ओळखून त्याने तसाच उतरता दाब विणकामात आणला. हे उदाहरण मी आता द्रवाच्या दाबाच्या धड्याला वर्गात सांगते, आणि मुलं ते विसरत नाहीत.

खरेदी मात्र सोपी गेली नाही. पहिल्या दुकानात "ताई, चपलेचा नंबर काय?" असं विचारून एक खोका पुढे सरकवला गेला. मी तो घेतला नाही. पावलाच्या लांबीवरून पोटरीचा घेर कसा कळणार? दुसऱ्या सर्जिकल दुकानातल्या काकांकडे टेप होती. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर यायला सांगितलं, कारण दुपारपर्यंत पाय सुजतो आणि माप चुकतं. घोट्याच्या हाडाच्या वर, पाय सर्वांत बारीक असतो तिथला घेर, पोटरीचा सर्वांत जाड घेर, आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंतची उंची, अशी तीन मापं. माझा डावा घोटा २३ सेंटिमीटर भरला, उजवा २२. दोन्ही एकाच साइजमध्ये बसले, पण कंपनीचा तक्ता पाहिल्याशिवाय ते कळलं नसतं.

खोक्यावर 'क्लास' लिहिलेला असतो, त्यावर विसंबू नका. जर्मन पद्धतीत क्लास १ म्हणजे १८ ते २१ मिलिमीटर आणि क्लास २ म्हणजे २३ ते ३२. ब्रिटिश पद्धतीत क्लास २ म्हणजे १८ ते २४, म्हणजे जवळजवळ जर्मन क्लास १. त्यामुळे मिलिमीटरचा आकडाच वाचायचा, आणि तो छापलेला नसेल तर मोजा घ्यायचा नाही. साधारणपणे उभ्याचं काम, प्रवास, थकवा यांना १५-२० पुरतात. २०-३० शिरांच्या त्रासाला, तेही डॉक्टरांना विचारून. त्याच्या वरचे फक्त चिठ्ठीवर. दवाखान्यात ऑपरेशननंतर देतात ते पांढरे मोजे झोपून असलेल्या रुग्णांसाठी असतात. घरात पडून आहेत म्हणून ते घालून कामाला जाऊ नये.

मी बोटं उघडी राहणारे घेतले. जोडवी बंद मोज्यात रुततात आणि धागा उसवतात. शिवाय अंगठ्याची कोल्हापुरी घालता येते. घालायचं तंत्र काकांनी दाखवलं. मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल सरकवून टाच टाचेत नीट बसवायची, मग उरलेला भाग थोडा थोडा वर उलगडायचा. वरची कड धरून खेचायचा नाही आणि घडी पडू द्यायची नाही, कारण घडीच्या जागी दाब दुप्पट होतो. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले की पकड छान येते. अंघोळीनंतर पाय पुरते कोरडे हवेत. सांगलीच्या एप्रिलमध्ये घामाने जीव नकोसा होतो हे खरं, पण संध्याकाळी चपलेचा वळ उमटत नाही, हे मला त्याहून मोलाचं वाटतं. रात्री झोपताना काढायचे. धुताना साधा साबण, पिळायचे नाहीत, सावलीत वाळवायचे. सहा महिन्यांत इलास्टिक सैलावतं. घालायला सोपे जायला लागले की नवे घ्यायची वेळ झाली.

आमच्या कॉलेजातले गणिताचे सर साताऱ्याच्या हाफ मॅरेथॉनला धावतात. त्यांचं मत विचारलं. ते फक्त पोटरीवरच्या बाह्या घालतात. वेग वाढल्याचं त्यांना कधी जाणवलं नाही, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या कमी दुखतात एवढंच. संशोधनाचा कलही साधारण तसाच आहे. या बाह्या प्रवासाला मात्र चालत नाहीत. पाऊल मोकळं राहतं आणि सूज तिथे उतरते.

बहिणीकडे न्यू जर्सीला निघालो तेव्हा यांच्यासाठीही १५-२० चा जोड घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार चार तासांहून लांबच्या प्रवासात पायात गुठळी होण्याची शक्यता सुमारे दुप्पट होते. निरोगी माणसात ती तरीही सहा हजारांत एक इतकी कमी. मोज्यांमुळे लक्षणं न दिसणाऱ्या गुठळ्या घटतात, हे चाचण्यांतून चांगलं सिद्ध झालं आहे. सूजही घटते असं दिसतं, पण त्याचा पुरावा तितका भक्कम नाही. मुंबईहून बसण्याआधी घरीच घातले, उतरून पोहोचल्यावर काढले. मधे उठून फेऱ्या आणि बसल्या बसल्या पंजे वर-खाली, हे चालूच ठेवलं. एकाच पायाला अचानक सूज येऊन पोटरी दुखली, गरम लागली, तर मोजे शोधत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

माझं पाहून सासूबाईंनीही मोजे मागितले. त्यांचेही घोटे सुजत होते. आईंना मधुमेह आहे, म्हणून आधी मिरजेला नेलं. डॉक्टरांनी दंडाचा आणि घोट्याचा दाब मोजून दोन्हींची तुलना केली. घोट्याचा बराच कमी भरला, म्हणजे पायाच्या रोहिण्या अरुंद, म्हणून मोजे नाकारले गेले. मग त्यांनी गोळ्यांची पिशवी उलटी केली आणि रक्तदाबाची अॅम्लोडिपिन बाजूला काढली. या गोळीने अनेकांचे घोटे सुजतात. गोळी बदलून दिली, आणि दोन-तीन आठवड्यांत आईंच्या पायाची सूज उतरली.