हरण्या रोगाचं गणित
आज मॅथेमॅटिकल मॉडेलिंगच्या ग्रुप प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन झालं आणि एमएस्सीला आल्यापासून गणित इतकं आपलं कधी वाटलं नव्हतं. आमचा विषय केळीवरचा हरण्या म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूचा रोग, कारण ग्रुपमधला एक जण रावेरकडचा, घरची केळीच.

मॉडेल एसआयआर, म्हणजे साथ कशी पसरते ते तीन गट पाडून मांडणारं. निरोगी झाडं, रोगट झाडं, उपटून टाकलेली झाडं. मावा किडीमुळे रोग पसरायचा वेग बीटा, झाड उपटायचा वेग गॅमा, सुरुवातीला बीटा भागिले गॅमा एकच्या खाली असेल तर साथ पेटतच नाही. शेजारी काकडी, मिरची (हा विषाणू त्यांच्यावरही असतो) लावली नाही तर बीटा थोडा कमी होतो पण गॅमा पूर्ण शेतकऱ्याच्या हातात. मित्राच्या वडिलांना फोन लावून विचारलं, पिवळे पट्टे दिसले की लगेच उपटता का काका, तर म्हणाले, "रोप लहान असलं तर लगेच, पण झाड मोठं झालं की जीव होत नाही रे उपटायला." मग गॅमा झाडाच्या वयाप्रमाणे कमी होत जाणारा घेतला आणि ग्राफच बदलला!

आणि हे तर मला फारच भारी वाटलं, केरमॅक आणि मॅकेंड्रिकने १९२७ च्या ज्या पेपरात हे मॉडेल मांडलं, त्यात ताडून बघायला आकडे घेतले होते आपल्या मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगचे.

सरांचा प्रश्न एकदम बरोबर होता, लागण झाली पण पट्टे अजून दिसले नाहीत ती झाडं कुठंयत? चौथा गट टाकावा लागेल, उद्यापासून तेच.