मोतमाउलीला, मासेवालीबरोबर

माझा बाप्तिस्मा वसईतला, सासर दादरचं, आणि मोतमाउलीच्या, म्हणजे वांद्र्याच्या माउंट मेरीच्या, सणाला मी जायचे ती टॅक्सीने. चालत नेलं ते आमच्या मासेवाल्या मावशीने. ती हिंदू, माहीमच्या कोळीवाड्यातली, कुलदैवत कार्ल्याची एकवीरा. तरी वांद्र्याची जत्रा तिने चुकवल्याचं मला आठवत नाही. "टॅक्सीन् कोन आईला भेटाया जातं गं बाय?" असं एकदा सुरमई कापता कापता म्हणाली. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्या सोसायटीत माशांची पाटी लिफ्टमधून न्यायला बंदी आहे. मावशी जिन्याने चढते, माझ्या दारात टेकते, चहा पिते. ओळख वाढली ती तिथेच, उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे बसून. पाटी लिफ्टमध्ये नको म्हणणारे काही जण रविवारी माझ्याच चर्चमध्ये असतात, हेही सांगून टाकते.

8 सप्टेंबर हा मरियामातेचा जन्मदिवस. जत्रा त्यानंतरच्या रविवारी सुरू होते. उजाडायच्या आधीच आम्ही निघालो. मावशी अनवाणी, ठेवणीतलं लुगडं, अंबाड्यात अबोली. मी बुटांत, गुडघ्याला पट्टा. माहीमचं सेंट मायकल चर्च आलं तशी तिने रस्त्यावरूनच हात जोडले. इथला नोव्हेना, म्हणजे खास प्रार्थना, 1948 पासून दर बुधवारी असतो, पण बुधवार म्हणजे तिच्या धंद्याचा वार. "पाटी रिकामी झाली का येते मी. मागं उभी ऱ्हाते, कोनाला वास नको."

कॉजवेवर वारा लागला. पूर्वी ही खाडी होडीने ओलांडायची. लेडी जमशेटजींनी 1,57,000 रुपये दिले आणि 1845 मध्ये हा रस्ता झाला. मी कौतुकाने सांगायला गेले, तर मावशी फणकारली, "हां, नि आमच्या होड्या बसल्या!"

माउलीची मूर्ती समुद्रात कोळ्यांना सापडली, अशी कथा आहे. मी ती शाळेत ऐकली होती, गोष्ट म्हणून. मावशी ती घरातली हकिकत सांगावी तशी सांगते, जाळं कसं जड झालं तेसुद्धा. टेकडीवरचं आजचं चर्च 1904 चं. तिच्या हिशेबात ते कालचं. "आई आमच्याकडं आधी आली. तुम्ही मागनं देऊळ बांधलं." पाद्रीबाबांना हे पटेल का, ठाऊक नाही. मला त्या चढावर पटलं.

हिल रोडनंतर गर्दी घट्ट झाली. मेणबत्त्यांच्या दुकानांत माउलीला नवसाचे वाहायचे मेणाचे हात, पाय, बाळं, घरं मांडलेली. जिच्यापुढे माझी घासाघीस कधी चालली नाही, ती मावशी एका मेणाच्या पायासाठी दुकानदाराशी हमरीतुमरीवर आली. मला वाटलं, घरात कुणाचं दुखतंय. पैसे मोजून तिने तो पाय माझ्या हातात ठेवला. "तुझ्या गुडघ्याचा. तू मागणार न्हाईस, लाजतेस."

आत मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चालू होती. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, हे तिला माझ्याइतकंच पाठ. कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घ्यायच्या, वेळी ती बाजूला सरली, माझी पिशवी सांभाळत. रांगेत उभं राहून मी पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते.

उतरताना आम्ही काळा हलवा घेतला. पैसे तिने मला देऊ दिले नाहीत.

"आता चैत्रात कार्ल्याला चल."

"मावशी, तिथे पायऱ्या किती!"

"मंग? तो पाय कशाला घेतलाय?"