शॉकच्या वेळी त्यांना हात लावायचा का?

माझ्या सासऱ्यांच्या छातीत आयसीडी, म्हणजे हृदयाची जीवघेणी लय शॉक देऊन मोडणारे यंत्र, बसवल्याचे ज्यांना ठाऊक आहे, ते मला हमखास विचारतात की, यंत्राने शॉक दिला त्या क्षणी तुमचा हात नानांच्या अंगावर असला, तर तुम्हालाही झटका बसणार नाही का? तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते: फार तर हाताला किंचित झिणझिण्या येतील, इजा होणार नाही. तेव्हा हात जरूर लावावा आणि माणूस उभा असेल तर त्याला सावरून खाली बसवावे.

पेसमेकर मंदावलेल्या हृदयाला हलकी विद्युतस्पंदने देतो आणि ती सहसा जाणवतही नाहीत. आयसीडी याशिवाय प्रत्येक ठोक्यावर नजर ठेवते आणि हृदयाच्या खालच्या कप्प्यांत जीवघेणी वेगवान लय सुरू झाली, तर गरजेनुसार शॉक देऊन ती मोडते. डॉ. मिशेल मिरोव्स्की यांचे गुरू अशाच बिघडलेल्या लयीमुळे दगावले होते. रुग्णाला कायम रुग्णालयात न ठेवता त्याचे रक्षण कसे करावे, या विचारातून मिरोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे यंत्र घडवले, आणि १९८० साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ते प्रथम माणसाच्या शरीरात बसवण्यात आले. माणसाने घरी राहून नेहमीचे आयुष्य जगावे यासाठी जे यंत्र जन्माला आले, त्याच्या धास्तीने घराचा वॉर्ड करणे मला पटत नाही.

आमच्या फ्रिजच्या दारावर डॉक्टरांच्या सूचनांचा कागद आहे. एकच शॉक बसला आणि त्यानंतर नानांना बरे वाटत असेल, तर डॉक्टरांना फोन करून तपासणीची वेळ घ्यायची. चोवीस तासांत दुसरा शॉक बसला, किंवा पहिल्यानंतरच छातीत दुखणे, धाप अथवा भोवळ असेल, तर १०८ ला फोन करायचा. शुद्ध हरपली आणि श्वास नीट चालत नसेल, तर यंत्र आपले काम करील म्हणून वाट पाहायची नाही. १०८ ला कळवून लगेच छातीवर दाब द्यायला लागायचे.

शॉकनंतर मनात जी भीती बसते, तिच्यासाठी मात्र कागदावर ओळ नाही, आणि खरी शुश्रूषा तिथेच लागते. नानांना जिन्यात शॉक बसला होता, त्यानंतर त्यांनी जिनाच सोडला, मग संध्याकाळचा फेरफटका आणि हळूहळू मित्रांचा कट्टाही. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली होती, तरीही ‘काही होत नाही, चला’ असे म्हणणे मला निर्दय वाटले, कारण छातीत लाथ बसल्यासारखा तो अनुभव त्यांनी घेतला होता, आम्ही नव्हे. म्हणून आमच्यापैकी कोणीतरी रोज त्यांच्याबरोबर जिना उतरू लागले आणि ते जिथे थांबतील तिथे थांबू लागले.

बाकीची पथ्ये सोपी आहेत. मोबाइल डाव्या खिशात न ठेवता यंत्रापासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा, चालू इंडक्शन शेगडीपासून साधारण ६० सेंटिमीटर अंतर राखावे. मायक्रोवेव्हची भीती नको. देवळाच्या दारातल्या मेटल डिटेक्टरमधून न रेंगाळता जावे. चुंबकाची गादी कोणी कितीही प्रेमाने भेट दिली तरी ती परत करावी, कारण यंत्रावर चुंबक आले की शॉक देण्याची सोय तेवढ्यापुरती बंद पडू शकते.

एक गोष्ट मला कोणीच विचारत नाही, तरी सांगते. अखेरच्या आजारात, रुग्णाची तशी इच्छा असेल तर, शॉकची सोय डॉक्टरांकडून बंद करून घेता येते, त्यासाठी शस्त्रक्रिया लागत नाही. आणि दहनापूर्वी यंत्र काढून घ्यावेच लागते, कारण आगीत त्याचा स्फोट होतो. हा विषय नानांनी स्वतःच काढला आणि आपली इच्छा आम्हा सर्वांसमोर सांगितली. यंत्राच्या ओळखपत्राबरोबर माझ्या यजमानांनी ती लिहून ठेवली आहे.