लेस्टरमध्ये मामांना निरोप देताना

इंग्लंडमध्ये माणूस गेला की त्याच दिवशी दहन होत नाही. बहुतेकदा त्या आठवड्यातही होत नाही. इचलकरंजीला फोन करून हे सांगितलं तेव्हा आई बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "म्हणजे तोवर त्याला ठेवणार कुठं?" तिच्या पाठच्या भावाबद्दल विचारत होती ती. आपल्याकडे पहाटे गेलेला माणूस दुपारच्या आत पंचगंगेच्या घाटावर असतो. पाव्हणे मिळेल त्या गाडीनं धावत येतात आणि ज्यांना पोचता येत नाही ते आयुष्यभर हळहळतात.

इथे आधी कागद. मृत्यूचं कारण डॉक्टर लिहितात, ते मेडिकल एक्झामिनर नावाचा दुसरा डॉक्टर तपासतो. सप्टेंबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये ही तपासणी कायद्यानं सक्तीची झाली आहे. फक्त कॉरोनरकडे, म्हणजे संशयास्पद किंवा कारण न कळलेल्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेलेली प्रकरणं यातून वगळलेली असतात. मग रजिस्ट्रारच्या कचेरीत जाऊन नोंद करायची. त्यासाठी पाच दिवसांची मुदत असते. तिथून दहनाच्या परवानगीचा कागद मिळतो, तो फ्युनरल डायरेक्टरकडे, म्हणजे अंत्यविधीची सगळी व्यवस्था करणाऱ्याकडे द्यायचा आणि स्मशानातली वेळ घ्यायची. हिवाळ्यात या वेळा लवकर मिळत नाहीत. मामा जानेवारीत गेले. आम्हाला जवळजवळ दोन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली.

ते मधले दिवस फार जड गेले, हे आधी सांगते. माणूस घरात नाही, मातीतही नाही, अग्नीतही नाही. मामी रोज सकाळी विचारायच्या, "थंडीत एकलेच असतील गं." शेजारच्या गुजराती घरांतून संध्याकाळी बायका यायच्या, भजनं म्हणायच्या, डबे ठेवून जायच्या. लेस्टरमध्ये गुजराती माणूस आपल्या दुःखाला परका नाही, ही मोठीच सोबत.

पण आज मी हे लिहिते आहे ते या दिवसांनी आम्हाला काय दिलं ते सांगायला. आपल्याकडे तिरडी बांधण्यापासून मडकं फोडण्यापर्यंत सगळं भराभर होतं, करणारे हात ठरलेले असतात आणि जवळच्यांना विचार करायला उसंत नसते. इथे उसंत मिळाली. हा माणूस कोण होता, त्याला कशा रीतीनं पोचवायचं, यावर मामी, मामेबहीण आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कितीतरी रात्री बोललो.

मामा मूळचे इचलकरंजीच्या माग चालवणाऱ्या घरातले. १९७०च्या दशकात ते लेस्टरला आले, कारण इथे होजिअरीच्या गिरण्या होत्या आणि त्यांच्या हाताला यंत्र कळत होतं. मोजे विणणाऱ्या गोल मशीनचे ते फिटर. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा त्यांनी नगरपालिकेकडून भाड्यानं मिळणारा जमिनीचा तुकडा घेतला. इथे त्याला अलॉटमेंट म्हणतात. त्यात मेथी, कोथिंबीर, वाल आणि इंग्रज शेजाऱ्यांकडून शिकून लीक आणि पार्सनिप. निम्मं आयुष्य यंत्रांत आणि निम्मं वाफ्यांत गेलेला माणूस. तो निरोपात दिसायलाच हवा होता.

पहिला प्रश्न कपड्यांचा आला. फ्युनरल डायरेक्टरच्या माणसानं अदबीनं विचारलं, सूट आणणार का? मामेबहिणीनं कपाटातला चांगला सूट काढूनही ठेवला होता. मामी म्हणाल्या, "सुटाबुटात नका पाठवू त्यांना. अनोळखी दिसतील. तो हिरवा स्वेटर घाला, कोपराला ठिगळ आहे तो." ठिगळ मामांनी स्वतः लावलेलं होतं, गिरणीतल्या टाक्यानं, आतून गाठ न दिसेल असं. तोच स्वेटर घातला.

पेटीत काय ठेवता येतं आणि काय नाही, हे आधी विचारून घ्यावं लागतं. नारळ ठेवू देत नाहीत, बंद भट्टीत तो फुटतो. काच नको, धातू नको. पेसमेकर असेल तर तो आधीच काढतात. तूप, तुळशीपत्र, गंगाजल, फुलं याला कुणाची हरकत नव्हती. मामांचा आवडता पाना आतमध्ये जाणार नव्हता, म्हणून एक टेबल मांडायचं ठरलं, तो तिथे राहील.

स्मशानातल्या सभागृहाची वेळ मोजून चाळीस मिनिटांची होती. आत येणं, बसणं, बाहेर पडणं सगळं त्यातच. आपले लोक सावकाश जमतात आणि मागचं कुटुंब दाराशी थांबलेलं असतं. म्हणून विधी सगळे घरी करायचे ठरवले. त्या दिवशी पेटी आधी घरी आणली, झाकण उघडलं, गुरुजींनी मंत्र म्हटले, मामींनी कपाळाला बुक्का लावला, प्रत्येकानं पाण्याचे थेंब तोंडात सोडले. घरातला सगळा वेळ आमचा होता, घड्याळ नव्हतं. सभागृहातली चाळीस मिनिटं फक्त आठवणींसाठी आणि शेवटच्या निरोपासाठी राहिली. परदेशात असा प्रसंग कुणावर आला तर मी हे एवढं नक्की सांगेन: विधी घरी, आठवणी तिथे. दोन्हीची गर्दी एका वेळेत केली तर दोन्ही हुकतं.

बोलायला तिघांनाच सांगितलं. मामेबहीण इंग्रजीत बोलली, मी मराठीत. मी तिच्या भाषणाचं भाषांतर करावं अशी एक सूचना आली होती, ती आम्ही मोडली. तिनं तिचे बाबा सांगितले, मी माझे मामा सांगितले. दोन वेगळी माणसं होती ती. इंग्रज पाहुण्यांसाठी छापील पुस्तिकेत डाव्या पानावर मराठी आणि उजव्या पानावर इंग्रजी मजकूर घेतला, विधींचा अर्थ दोन-दोन ओळींत दिला. काळे कपडेच हवेत असं नाही, पांढरे चालतील, रोजचे चालतील, हेही कळवलं. इकडचे लोक हे विचारायला संकोचतात आणि न सांगितलं तर सगळे काळ्यात येतात. तिसरे बोलले ते अलॉटमेंटवरचे शेजारी, ऐंशीच्या पुढचे गृहस्थ. मामांनी त्यांच्या वाफ्याचं कुंपण कसं दुरुस्त केलं, खिळा न वापरता नुसत्या तारेच्या विणीनं, एवढंच ते सांगत राहिले. कुंपण अजून उभं आहे म्हणाले.

आता आईच्या ओवीबद्दल. तिला येता येणार नव्हतं, व्हिसा आणि गुडघे दोन्ही आडवे. सभागृहातलं तिला घरबसल्या कॅमेऱ्यावरून दिसेल, पण तो कॅमेरा सभागृहाच्या मागच्या भिंतीला असतो, त्यातून नुसत्या पाठी दिसतात. मी तिला म्हटलं, तू जात्यावर म्हणायचीस ती भावाची ओवी फोनवर म्हणून पाठव. आधी नको म्हणाली. मग एका रात्री फाईल आली. आवाज कापरा, मधे एकदा थांबलेला. आणि मागे सगळा वेळ मागाची खटखट. आमच्या गल्लीत अजून यंत्रमाग आहेत, ते रात्रपाळीतही चालतात. इथे सभागृहात वाजवायचं काहीही चार-पाच दिवस आधी पाठवावं लागतं. तिथल्या माणसानं ऐकून फोन केला, मागचा आवाज फार आहे, तो काढून देऊ का? मामेबहिणीनं त्याला सांगितलं की त्यातला एकही ठोका कमी करू नका. हा माणूस त्या आवाजात जन्मला होता.

वेळ सकाळी अकराची घेतली, कारण हिवाळ्यात भारत साडेपाच तास पुढे असतो आणि इचलकरंजीत तेव्हा साडेचार वाजतात. शेवटी पडदा सरकू लागला तेव्हा ओवी लावली. लेस्टरच्या त्या उंच छताखाली मागाचा ठेका घुमला. मराठी न समजणारे होजिअरीतले जुने सोबती तो ठेका ऐकून ताठ बसले, यंत्राची भाषा त्यांना पाठ होती. त्यानंतर मामेबहीण आणि मी आत गेलो. इथे घरच्यांना भट्टीपर्यंत जाता येतं, आधी विनंती करावी लागते. मुखाग्नी देण्याच्या जागी तिनं एक बटण दाबलं. तिच्या हातावर मी हात ठेवला होता.

मामा एक गोष्ट नेहमी सांगायचे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडचा दौरा करून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत फ्लॉरेन्सला वारले. वय अवघं वीस. त्या शहरात दहनाची रीत नव्हती, बरोबरच्या माणसांनी खास परवानगी मिळवली आणि मुन्योने नदी आर्नोला मिळते त्या संगमावर महाराजांना अग्नी दिला. १८७४ साली तिथे छत्री उभी राहिली, आत फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकारानं घडवलेला त्यांचा अर्धपुतळा आहे, आणि जवळच्या पुलालाही पुढे 'इंडियानो' हेच नाव मिळालं. मामा तिथे जाऊन आले होते. ते म्हणायचे, "बघ, गावापासून एवढ्या लांब, भाषा येत नाही, तरी नदी शोधली त्या लोकांनी." लांब परक्या देशात आपल्या माणसासाठी काय काय शोधावं लागतं, हे त्या मधल्या दिवसांत आम्हाला कळलं.

दहनानंतर जवळच्या हॉलमध्ये सगळे जेवले. टेबलावर पाना होता, एक गोल मशीनची सुई होती आणि बियाण्यांची पाकिटं. मामा पगाराची जुनी तपकिरी पाकिटं जपून ठेवायचे आणि त्यात बी भरायचे. प्रत्येकावर बारीक अक्षरात लिहिलेलं: 'मेथी, २०२२, उत्तरेकडचा वाफा, गोगलगाय लागली.' 'वाल, आक्कानं पाठवलेला, उगवतो.' आक्का म्हणजे माझी आई. येणाऱ्यानं एकेक पाकीट घेऊन जावं असं ठेवलं होतं. वालाचं तेवढं मामींनी काढून घेतलं.

दहावा कधी धरायचा, यावरही प्रश्न होता. ओळखीच्या एका घरात मृत्यूच्या दिवसापासून मोजले होते, आमच्या गुरुजींनी दहनापासून मोजायला सांगितलं. मामींना ते पटलं. पिंड अलॉटमेंटवर ठेवला. इंग्लंडमध्ये कावळे पुष्कळ आहेत, तरी गुरुजींनी दर्भाचा कावळा तयार ठेवला होता. तो लागला नाही.

अस्थींबद्दल इकडे येणाऱ्यांना आधीच सांगायला हवं, कारण तिसऱ्या दिवशी राखेतून वेचण्याचा प्रसंग इथे येत नाही. यंत्रात दळलेली फिकट करडी पूड डब्यात मिळते, वर नावाची चिठ्ठी. मामींनी डबा उचलला आणि म्हणाल्या, "वजन हाय की." दोन-अडीच किलो भरतं. अर्ध्या अस्थी आम्ही लेस्टरजवळ बॅरो इथे सोर नदीत सोडल्या. हिंदू आणि शीख कुटुंबं तिथे नेहमी येतात, बोटीतून नेण्याची सोय आहे. नदीत फक्त अस्थी आणि सुट्या पाकळ्या सोडायच्या, हार नाही, प्लॅस्टिक नाही, कापड नाही.

उरलेल्या अर्ध्या मामी उन्हाळ्याआधी नरसोबाच्या वाडीला नेणार आहेत, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर. विमानात त्या हातातल्या सामानात न्यायच्या आहेत, म्हणून डबा लाकडी घेतला, क्ष-किरणात आत दिसलं पाहिजे. मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला, डब्यात फक्त अस्थी असल्याचं फ्युनरल डायरेक्टरचं पत्र आणि वकिलातीचा कागद असं सगळं एका फाईलमध्ये लावून ठेवलं आहे. विमान कंपनीलाही आधी कळवलं आहे. वाडीला आई येणार आहे, घाटाच्या पायऱ्या तिला झेपतील का ते विचारून ठेवायचं काम माझ्याकडे आहे.